मोनो रेकॉर्डिंग घरी ऐकायचं तर एक स्पीकर की दोन?

शांतनाद

मामांच्या साठ-पासष्ट रेकॉर्डी माझ्याकडे आल्या आहेत. निम्म्याहून जास्त मोनो आहेत, म्हणजे एकाच चॅनलच्या, त्यांतल्या दहाबारा ७८ च्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकड्या). माझं सामान साधंच. पट्ट्यावर फिरणारं टर्नटेबल, त्याला स्टिरिओ कार्ट्रिज (सुई बसवलेला तो छोटा तुकडा), स्टिरिओ अँप आणि दोन मध्यम आकाराचे स्पीकर. स्टिरिओ रेकॉर्ड लावली की तक्रार नाही. मोनो लावली की दोन गोष्टी खटकतात.

पहिली गोष्ट. गाणारी बाई दोन स्पीकरांच्या बरोब्बर मधे हवेत उभी असते, पण मी खुर्चीत वीतभर डावीकडे सरकलो की तीही टुणकन डाव्या स्पीकरमधे जाऊन बसते. म्हणजे तासभर मान ताठ ठेवून ऐकायचं. दुसरी गोष्ट जास्त विचित्र आहे. गाणं मधोमध आणि खरखर मात्र खोलीभर! एक टिचकी डावीकडे, एक उजवीकडे. रेकॉर्ड मोनो असताना खरखर स्टिरिओ कशी काय?

अँपला मोनोचं बटण नाही. एक स्पीकर बंद करू, मोनो कार्ट्रिज घेऊ, की गुमान आहे तसं ऐकू? जाणकारांनी कुठूनही सुरुवात करा.

तबकडीवेडा

खरखरीपासून सुरू करतो, कारण तिथे वाद नाही. स्पीकर एक की दोन यावर इथे रणधुमाळी होईलच.

मोनो रेकॉर्डमधे संगीत फक्त चराच्या, म्हणजे सुई जिच्यातून जाते त्या खाचेच्या, आडव्या वळणांत असतं. सुई डावी-उजवी हलते तेवढंच कामाचं. स्टिरिओ आली तेव्हा (बाजारात १९५८ च्या सुमारास) चराच्या दोन्ही भिंती ४५ अंशांवर धरून एकेका भिंतीत एकेक चॅनल घातला. त्यामुळे स्टिरिओ कार्ट्रिजला सुईची वर-खाली हालचालही ऐकू येते, आणि यायलाच हवी. आता हे कार्ट्रिज मोनो रेकॉर्डवर ठेवा. तिथे वर-खाली हालचालीत गाणं नाहीच. मग काय आहे? धूळ, ओरखडे, टर्नटेबलची घरघर, आणि चर अरुंद होतो तिथे सुई चिमटीत सापडून वर उचलली जाते ते. हा सगळा कचरा तुमचं कार्ट्रिज इमानदारीत दोन स्पीकरांत वाटून देतं. तुमची खोलीभर पसरलेली खरखर ती हीच.

डावा आणि उजवा चॅनल एकत्र केला की आडवी हालचाल दोन्हींत सारखी म्हणून बेरजेत राहते. उभी हालचाल दोन्हींत उलटसुलट असते, ती एकमेकींना खाऊन टाकते. एखादी मधली जागा नीट ऐका, जिथे गायक श्वास घेतो तिथे. बेरजेआधी आणि बेरजेनंतरची ती शांतता सारखी नसते.

आणि ७८ च्या रेकॉर्डींना तूर्त हात लावू नका. तुमच्या कार्ट्रिजच्या सुईचं टोक १५ ते १८ मायक्रॉन त्रिज्येचं असणार. ७८ च्या रुंद चराला ६५ ते ७५ मायक्रॉन लागतात. बारीक सुई भिंतींना न टेकता तळाला जाऊन घासत बसते, आणि तळाला फक्त मळ असतो.

निमिष७८

+१. वाखू (वाचनखूण) साठवली.

एक भर. पन्नाशीच्या दशकातल्या मोनो एलपीचा चर २५ मायक्रॉनच्या सुईसाठी कापलेला आहे. तिथे स्टिरिओची सुई चालते, पण ती भिंतीवर जरा खाली टेकते. जुन्या सुईंनी झिजवलेली रेकॉर्ड असेल तर हे कधीकधी पथ्यावर पडतं, कारण खालचा भाग कोरा राहिलेला असतो. कधी नेमकं उलट होतं. दोन सुया असतील तर दोन्ही लावून बघायचं, दुसरा मार्ग नाही. साठीच्या उत्तरार्धातल्या मोनो रेकॉर्डींचं मला फारसं काही वाटत नाही, त्या स्टिरिओच्या सुईवर मजेत वाजतात.

ओमचा_नियम

बेरीज कशी करायची ते लिहितो, म्हणजे कोणी भलतं करणार नाही.

बेरीज अँपच्या आधी करायची. स्पीकरच्या वायरी एकत्र जोडायच्या नाहीत. दोन चॅनलची स्पीकरकडची टोकं जोडली की दोन अँप एकमेकांवर जोर काढतात आणि त्यांतलं एक मरतं. माझ्या कॉलेजातल्या अँपचा उजवा चॅनल याच हुशारीत गेला. धूर आला तेव्हा मी "बघ, आता बास वाढला" असं म्हणत होतो.

जमणारे दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग कार्ट्रिज आणि फोनो प्रीअँप (कार्ट्रिजचा क्षीण सिग्नल अँपसाठी वाढवणारा भाग) यांच्यामधे. दोन वाय वायरी घ्यायच्या, एका टोकाला एक आणि दुसऱ्या टोकाला दोन फाटे असलेल्या. पहिलीने डावं-उजवं एक करायचं, दुसरीने पुन्हा दोन. कार्ट्रिज म्हणजे नुसती वेटोळी, ती जोडली तर भांडत नाहीत. मूव्हिंग मॅग्नेट (सुईबरोबर चुंबक हलतो त्या जातीचं) कार्ट्रिज असेल तर केबल आखूड ठेवा, कारण वाढीव केबलची कपॅसिटन्स वरच्या पट्टीत चिरका आवाज काढते. गुणगुण वाढली तर अर्थिंगची वायर तपासा.

दुसरा मार्ग फोनो प्रीअँपनंतर. इथे नुसती वाय वायर लावू नये, कारण दोन आउटपुट एकमेकांना ओढतात. प्रत्येक बाजूला पाचशे ओम ते एक किलोओमचा रेझिस्टर टाकून मग टोकं जोडायची. दोन रेझिस्टर आणि अर्ध्या तासाचं झाळकाम, बस्स.

तिसरा मार्ग मोनो बटण असलेला फोनो प्रीअँप घेणे. आळशी माणसासाठी हाच उत्तम, आणि मी आता तेच वापरतो.

खरखरकर

आयडीला जागून लिहितो. बेरीज मान्य, एकदम मान्य. पण तो एका स्पीकरचा हट्ट मला कधी कळला नाही. दोन चांगले स्पीकर घरात असताना एक बंद करून कोपऱ्यात ठेवायचा? दोन्हींतून सारखाच आवाज सोडा, मधे बसा, गाणं मधोमध येतं. शिवाय भरदार लागतं. एकातून ऐकलं की मला रेडिओ लावल्यासारखं वाटतं.

तबकडीवेडा

खरखरकर, भरदार लागतं ते खरं आहे, पण त्यात अर्धी गोम मोठेपणाची आहे. दोन स्पीकर चालू असले की आवाज तीन ते सहा डेसिबलने चढतो, आणि मोठा आवाज नेहमीच चांगला वाटतो. एकाचा आवाज तेवढा वाढवून मग तुलना करा.

उरलेली अर्धी गोम जास्त गमतीची आहे. दोन स्पीकरांतून सारखा आवाज येतो तेव्हा तुमच्या डाव्या कानाला आधी डावा स्पीकर ऐकू येतो आणि सुमारे पाव मिलिसेकंदाने उजवा, डोक्याला वळसा घालून. पाव मिलिसेकंद उशीर म्हणजे दोन किलोहर्ट्झच्या आसपास दोन लाटा उलट्या पडतात आणि तिथे खड्डा पडतो. उजव्या कानाला तेच, आरशात. खोलीच्या भिंतींवरून परतलेला आवाज हा खड्डा थोडाफार बुजवतो, पण पूर्ण नाही. आणि दोन किलोहर्ट्झला काय असतं? व्यंजनं. शब्दांची धार. हार्मोनियमच्या सुरातली ती करकर. मधोमध भासणारा आवाज जरा मऊ, जरा दूर वाटतो तो यामुळे. एका स्पीकरच्या बाबतीत हा प्रश्नच येत नाही. आवाज एकाच जागेवरून निघतो, एकदाच येतो.

शांतनाद, तुमची बाई सरकते तीही याच कारणाने. मधे ती नाहीच आहे. मेंदूने ती तिथे उभी केली आहे. जवळच्या स्पीकरचा आवाज आधी पोचला की मेंदू निकाल बदलतो.

मंजुळा

मी तंत्रातली नाही, गाणं शिकवते. पण एका स्पीकरवर मोनो ऐकते आहे त्याला सात-आठ वर्षं झाली, म्हणून लिहिते.

लोक म्हणतात मोनो म्हणजे सपाट. मला वाटतं, मोनोत रुंदी नसते, खोली असते. जुन्या काळी बऱ्याचदा एकाच मायक्रोफोनसमोर सगळे बसत. कुणाचा आवाज किती, हे कोण किती लांब बसलं यावर ठरे. गायक मायक्रोफोनला जवळ, सारंगी हातभर मागे, तबला आणखी मागे किंवा जरा कडेला. हे अंतर रेकॉर्डमधे उतरलेलं असतं. जवळच्या माणसाचा श्वास ऐकू येतो, लांबच्याचा येत नाही, त्याच्याबरोबर खोलीचा घुमारा जास्त येतो. एका स्पीकरवर ऐकताना हे एकामागे एक बसलेले लोक मला अगदी स्पष्ट दिसतात. एका जुन्या रेकॉर्डवर गायिका तान घेण्याआधी मान जराशी फिरवते. आवाज क्षणभर बारीक होतो आणि परत समोर येतो. दोन स्पीकरांवर ही जागा मी कित्येक वर्षं ऐकली, पण मान फिरवलेली मला कधी कळली नव्हती. शिष्यांना ऐकवते तेव्हा काही न सांगता ऐकवते. बऱ्याच जणी आपण होऊन म्हणतात, "ती वळली ना इथे?"

दुसरा फायदा म्हणजे जागेवर बसावं लागत नाही. शेजारच्या खोलीत गेलं तरी गाणं तेच राहतं.

खरखरकर

मंजुळाताई, मान फिरवल्याचं वाचून मात्र खाज सुटली आहे. आज रात्री करून बघतो.

एककर्णी

या धाग्यावर माझ्यासारखा कोणी येईलसं वाटलं नसेल. मला लहानपणापासून उजव्या कानाने ऐकू येत नाही. तुमची हौस ती माझी गरज आहे.

स्टिरिओ हेडफोनवर मला अर्धंच गाणं मिळतं. साठच्या दशकातल्या काही स्टिरिओ रेकॉर्डींत गाणारे एका बाजूला आणि वाद्यं दुसऱ्या बाजूला, म्हणजे मी अख्खं गाणं गायकाविना ऐकलेलं आहे आणि वाद्यसंगीत समजून वाहवाही केली आहे. आता फोनच्या सेटिंगमधे, सुलभतेच्या भागात, मोनो ऑडिओ नावाचं बटण असतं. अँड्रॉइड, आयफोन दोन्हींत आहे, विंडोजमधेही आहे. ते लावलं की दोन्ही चॅनल एक होऊन येतात. दोन कान धड असलेल्यांनीही जुन्या रेकॉर्डींचे डिजिटल ट्रान्सफर ऐकताना ते लावून बघावं. तबकडीवेडांनी सांगितलेली खरखर इथेही कमी होते, कारण पुष्कळ ट्रान्सफर स्टिरिओ कार्ट्रिजवरून घेऊन तसेच चढवलेले असतात.

हेडफोनवर मोनो मला बरं लागतं. तुम्हा दोन कानवाल्यांना ते डोक्याच्या आत, टाळूखाली ऐकू येतं म्हणे. त्यावर उपाय माझ्याकडे नाही.

निमिष७८

एककर्णी, टाळूखाली हेच बरोबर वर्णन आहे. एका चॅनलचा आवाज दुसऱ्यात थोडा मिसळणारी क्रॉसफीडची सोय मोनोला कुचकामी आहे. दोन्हीकडे एकच आवाज, त्यात तोच मिसळून काय निघणार! मोनोसाठी स्पीकरच.

फाइलींबद्दल लिहितो, कारण हल्ली बहुतेकांचं मोनो ऐकणं तिथेच होतं. फाइल खरी मोनो आहे का, ते दोन मिनिटांत कळतं. ऑडॅसिटी या ऑडिओच्या सॉफ्टवेअरमधे उघडा, स्टिरिओ ट्रॅक फोडून दोन मोनो करा, एकाची लाट उलटी करा (इन्व्हर्ट, रिव्हर्स नव्हे) आणि दोन्ही एकत्र वाजवा. पूर्ण शांतता आली तर दोन्ही चॅनल तंतोतंत सारखे, बेरीज करून काही मिळणार नाही. नुसती चुरचुर ऐकू आली तर ती तुमची उभी हालचाल. बेरीज केली की ती जाईल. पण गाणंच ऐकू आलं, विचित्र, पोकळ, तर सावध व्हा.

साठच्या दशकात कंपन्यांनी जुन्या मोनो मास्टरची नकली स्टिरिओ करून विकली. एका बाजूला खालचे स्वर, दुसऱ्या बाजूला वरचे, वर थोडा उशीर, थोडा घुमारा. कव्हरवर 'इलेक्ट्रॉनिक पद्धतीने स्टिरिओ केलेले' अशा अर्थाची ओळ असे. याची बेरीज केली तर काही वेळा आणखी बिघडतं, कारण उशिराने आलेली प्रत मूळ आवाजातले सूर खाते. तिथे बेरीज सोडा, दोन्हींतला जो चॅनल बरा तो एकटा घ्या आणि तोच दोन्हीकडे पाठवा.

कॅसेट आणि टेपच्या ट्रान्सफरलाही हेच पथ्य. टेप वाचणारं हेड जरा तिरकं असेल तर एक चॅनल दुसऱ्याच्या किंचित मागे पडतो, आणि बेरीज केली की वरचे स्वर गायब. डेक हाताशी असेल तर मोनोत ऐकत हेडशेजारचा छोटा स्क्रू पाव पाव वळसा फिरवा. एका जागी 'स' आणि झांजा एकदम उजळतात. तिथे थांबा. ते उजळणं एकदा ऐकलं की पुन्हा चुकत नाही.

शांतनाद

एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. एक शंका. स्टिरिओ रेकॉर्डीचीही बेरीज केली तर ती मोनो रेकॉर्डच झाली ना? मग काही रेकॉर्डींच्या मोनो आवृत्तीसाठी लोक जीव का टाकतात?

ओमचा_नियम

नाही. स्टिरिओची बेरीज केली की जे मधे होतं ते कडेच्या वाद्यांच्या मानाने तीन डेसिबलने चढतं. मिश्रण बदलतं. वेगळी मोनो आवृत्ती म्हणजे माणसाने बसून मोनोसाठी तोललेली. ठळक उदाहरण बीटल्सचं. १९६८ पर्यंतच्या त्यांच्या आल्बमांची मोनो मिश्रणं वेगळी केलेली आहेत, आणि त्या काळात जास्त मेहनत मोनोवर होई, कारण बहुतेकांच्या घरी मोनोच होता. काही ठिकाणी गाण्याचा वेगसुद्धा दोन आवृत्त्यांत वेगळा आहे. ती मोनो मिश्रणं २००९ मधे सीडीवर आणि २०१४ मधे एलपीवर पुन्हा निघाली.

खरखरकर

अहवाल सादर करतो. डाव्या स्पीकरची वायर काढली, उजवा उचलून दोघांच्या मधल्या जागी आणला, माझ्याकडे सरळ तोंड करून, भिंतीपासून दीड हात पुढे. आवाज चढवला.

पहिली दहा मिनिटं वाईट गेली. खोली अर्धी झाल्यासारखी वाटली. मग एक जुनी एलपी लावली, तोंडपाठ आहे ती. दुसऱ्या कडव्यात एक शब्द मी चाळीस वर्षं चुकीचा म्हणत आलो आहे, असं आज कळलं. बायकोला हाक मारून ऐकवला. ती म्हणाली, मी बरोबरच म्हणत होते, तुम्हीच ऐकत नव्हता. यावर अधिक भाष्य करत नाही.

तरी माझा निकाल अर्धाच बदलला. एक गायक, दोन-तीन साथीदार, तर एक स्पीकर. मोठा वाद्यवृंद असेल तर मला अजूनही दोन आवडतात. खड्डा असो नाहीतर डोंगर.

तबकडीवेडा

मान्य. वाद्यवृंदाला दोन्हीकडून खोली चेतवलेली बरी वाटते हे मीही नाकारत नाही. स्पीकर मोठा असेल तर हा फरक कमी होतो. मोनोच्या काळात लोक एकच खोका घेत, पण चांगला कपाटाएवढा, आणि कोपऱ्यात. क्लिप्शहॉर्न नावाचा स्पीकर १९४६ चा, तो तर कोपऱ्याच्या दोन भिंती स्वतःच्या हॉर्नचा भाग म्हणून वापरतो. आपले छोटे स्पीकर कोपऱ्यात ढकलले की नुसते ढब ढब करतात, म्हणून तुमचं दीड हात पुढे ओढणं योग्यच.

एका स्पीकरचा एक तोटाही सांगून ठेवतो. त्याचे दोष झाकले जात नाहीत. ध्वनिसंशोधक फ्लॉइड टूल यांनी स्पीकरांच्या चाचण्यांत दाखवून दिलं की लोक एकाच स्पीकरवर ऐकतात तेव्हा चांगल्या-वाईट स्पीकरांतला फरक जास्त पकडतात. त्यामुळे एकावर ऐकून वाईट वाटलं तर दोष मोनोला द्यायच्या आधी स्पीकरकडे बघा.

शांतनाद

आठवडाभराने परत आलो. दोन वाय वायरी लावल्या, कार्ट्रिजच्या बाजूला. पहिली रेकॉर्ड लावली, सुई टेकली, आणि गाणं सुरू होण्याआधीच कळलं. एरवी सुरुवातीच्या कोऱ्या चरात दोन्हीकडे तळण चालू असल्यासारखं व्हायचं. आता ती चुरचुर आक्रसून मधे, एका ठिपक्याएवढी झाली. गेली नाही, पण गाण्याच्या मागे जाऊन उभी राहिली. इतक्या स्वस्त वायरीने हे होईल असं वाटलं नव्हतं. गुणगुण थोडी वाढली होती, अर्थची वायर घट्ट केल्यावर गेली.

स्पीकर अजून दोनच ठेवलेत. पण मंजुळाताईंचं वाचून एक केलं. एका संध्याकाळी एक स्पीकर काढून दुसरा मधल्या स्टुलावर ठेवला आणि घरातली कामं करत ऐकलं. खुर्चीत बसलोच नाही. बाई कुठेही गेली नाही, जिथे होती तिथेच गात होती.

मोनो कार्ट्रिज आता लगेच घ्यावं का? आणि ७८ चं काय करू?

निमिष७८

बेरीज जमली असेल तर कार्ट्रिजची घाई नाही. बाजारात मोनो म्हणून मिळणाऱ्या काही कार्ट्रिजांच्या आत तुम्ही बाहेर केली तीच जोडणी असते. खरी मोनो रचना वेगळी, उदाहरणार्थ डेनॉन डीएल-१०२, तिला मागे चारऐवजी दोनच पिना असतात. एखादं जुनंपुराणं मोनो कार्ट्रिज फुकट मिळालं तर मात्र ते स्टिरिओ रेकॉर्डवर ठेवू नका. त्यांतल्या कित्येकांची सुई वर-खाली हलतच नाही, ती चर नांगरत जाते.

७८ साठी वेगळी जाड सुई हवीच. काही कार्ट्रिजांना फक्त सुई बदलून ७८ ची लावता येते, तुमच्या कार्ट्रिजला ती मिळते का बघा. सुईवरचं वजन एलपीपेक्षा जास्त लागतं. शिवाय फोनो प्रीअँपमधली आरआयएए वक्रता (कापताना चढवलेले-उतरवलेले स्वर परत जागेवर आणायचा ठरीव हिशेब) १९५४ ची. बऱ्याच ७८ त्याआधीच्या, प्रत्येक कंपनीचा हिशेब वेगळा. टोनच्या बटणांनी कानाला पटेल तसं करा. वरचे स्वर बरेचदा चढवावे लागतात.

मंजुळा

आणि वेगही बघा. ७८ लिहिलेल्या सगळ्या रेकॉर्डी ७८ वर कापलेल्या नसतात, विशेषतः फार जुन्या. माझ्याकडच्या एका रेकॉर्डवर गायिका अर्धा सूर वर लागते आणि ताना घाईत वाटतात. वेग उतरवल्यावर ती एकदम वयाने मोठी झाली.

तबकडीवेडा

सुई येईपर्यंत धुऊन घ्या. पण एलपी धुवायचं ते अल्कोहोल घातलेलं पाणी ७८ ला चुकूनही लावू नका. ७८ ज्याच्या बनतात ते शेलॅक त्यात विरघळतं. साधं शुद्ध पाणी, भांडी धुवायच्या साबणाचा एक थेंब, मऊ ब्रश, लेबल कोरडं ठेवायचं, आणि लगेच पुसून उभी करून वाळवायची.

शांतनाद

अल्कोहोलची बाटली काल टेबलावर काढून ठेवली होती. परत कपाटात ठेवली.